कोचाच्या खाचेतलं लुगडं

नातीच्या घरी गेले की मी आधी तिच्या कोचाकडे बघते, मग तिच्याकडे. ती म्हणते, "आजी, तू पाहुणी म्हणून आलीस की तपासणीला?" काय करणार! खोळ एका अंगाला ओघळलेली दिसली की माझा हात आपोआप बैठक आणि पाठ यांच्या मधल्या खाचेत जातो. कापड आत सारायचं, वरून तळहात फिरवायचा, मगच चहा गोड लागतो. नातीची खोळ विकतची आहे. रंग सुरेख, पण शिवणाऱ्याने कोच डोळ्यांनी बघितलेला नाही, हे मला उंबऱ्यातूनच कळतं. मी मात्र तोंड आवरते. कारण माझी पहिली खोळ शिवली तेव्हा मी कोच बघितला होता, बोटाबोटाचं माप घेतलं होतं, आणि तरी ती फसली होती.

एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही शिंपी. माहेर नामपूरचं. वडील बाजाराच्या दिवशी हाताचं मशीन मांडून बंड्या आणि चोळ्या शिवायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून मशीनचा दांडा फिरवायला मी बसायची, आणि फिरवता फिरवता शिवायलाही शिकले. सासर नाशिकचं. घर पंचवटीत, दुकान गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीच्या पल्याड, मेन रोडला. सासरे कोटवाले होते. वकील, मामलेदार, मास्तर असली गिऱ्हाइकं. चोळ्या शिवणाऱ्याची मुलगी कोटवाल्याच्या घरात पडली म्हणून माहेरी कौतुक झालं, पण नाशिकला आल्यावर कळलं की इथे बायकांच्या वाट्याला काजं, बटणं आणि तुरपाई. मशीन पुरुषांचं.

आणि नेमकं एक मशीन घरात येऊन पडलं होतं. दुकानातला एक कारागीर मुंबईला निघून गेला आणि त्याचं मशीन माजघरात आलं. चांगलं पायाचं, काळंभोर, वर सोनेरी वेलबुट्टी. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यावर जुनी पासोडी टाकली आणि वर पापडांचा डबा ठेवला. मला तो डबा बघवत नसे. मी रोज सकाळी तो उचलून फडताळात ठेवायची आणि आत्याबाई संध्याकाळी परत मशीनवर ठेवायच्या. आमच्यात यावर एक अक्षर बोलणं झालं नाही.

अडचण माझ्या शिवण्याची नव्हती. अडचण होती स्टुलाची. पायाचं मशीन चालवायचं तर स्टुलावर बसायला हवं, आणि सुनेने सासऱ्यांच्या देखत उंच आसनावर बसायचं हे त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही येत नसे. मामंजी घरात आले की आम्ही उठून उभ्या राहायचो. ते माझ्याशी थेट बोलतसुद्धा नसत. मी समोर उभी असले तरी आत्याबाईंकडे बघून म्हणायचे, "तिला सांग, पाणी आण." आत्याबाई मला सांगायच्या, जसं काही मी बहिरी होते.

मशीनला गिऱ्हाईक मिळालं नांदगावचं. तिथला एक शिंपी चैत्रात येऊन घेऊन जाणार होता. हे ऐकलं त्या दिवशी माझं जेवणावरचं मन उडालं. मला दागिने नको होते, लुगडी नको होती. मला ते मशीन हवं होतं, आणि हे सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

अशात गुढीपाडव्यानंतर डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. डॉक्टर मामंजींच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी. देवळालीच्या छावणीतला कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात डॉक्टरांनी एक कोच उचलला. तो होता चामड्याचा. आता डॉक्टरांच्या घरी पंचवटीतली सोवळ्याची माणसं येणार, ती चामड्यावर कशी बसतील? डॉक्टरीणबाईंनी तोडगा काढला, वर कापडाची खोळ घालायची. चामडं दिसलं नाही आणि हाताला लागलं नाही की विटाळ नाही, असा एकूण हिशेब. काढून धुता येईल आणि घातल्यावर कोचाच्या अंगचीच वाटेल, अशी खोळ त्यांना हवी होती.

मामंजी जेवता जेवता म्हणाले, "आपण माणसांना शिवतो. खुर्च्या-टेबलांना कपडे घालत नाय."

मी दाराआड होते. मी आत्याबाईंच्या कानाशी लागले, "मी शिवीन म्हणावं."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी पापडांचा डबाच गिळला होता. पण त्या खट होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "ही शिवते म्हणते. मशीनवर. तुम्ही दुकानात असताना."

मामंजींचा घास थांबला. मग म्हणाले, "तिला सांग, गिऱ्हाईक आपलं जुनं हाय. नाव माझं जाईल. खोळ टिकली, बाईसाहेबांची तक्रार आली नाय, तर मशीनचं बघू. आली, तर नांदगावचा येत्या नाय, त्याच्या पुढच्या बुधवारी येतोच हाय."

"बघू" एवढ्या एका शब्दावर मी चार दिवस तरंगत होते.

माप घ्यायला मामंजी स्वतः मला घेऊन गेले. सुनेला एकटी कशी पाठवणार? ते चार पावलं पुढे, मी मागे, पूल ओलांडून. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात तो कोच भिंतीला लागून होता. वांग्याच्या रंगाचं चामडं, जागोजागी चिरा पडलेल्या, हात लाकडी नसून तेही गुबगुबीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसून बघ की, कसा आहे." मी मान हलवली. मामंजी तिथे उभे होते. तेही बसले नव्हते. शिंप्याने गिऱ्हाइकाच्या घरी बसायचं नाही, असा त्यांचा जन्माचा नेम होता.

मग मी टेप काढली आणि कोचाचं माप घेतलं, अगदी कोटाचं घेतात तसं. पाठ, खांदे, हात, पोट. मामंजी बाजूला उभे राहून बघत होते, म्हणून मी आणखीच काटेकोर झाले. वडिलांनी शिकवलं होतं, ढगळ शिवणं हे आळशाचं काम. मामंजींचा कोट तर अंगाला असा बसायचा की माणूस आपोआप ताठ चालायचा. मी मनाशी म्हटलं, या कोचाला कोट घालायचा. खुर्च्या-टेबलांना आपण कपडे घालत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला दाखवायचं.

कापड बदामी रंगाची जाड दोसुती. मी ते मामंजी दुकानात गेल्यावर, पापडांचा डबा फडताळात बंद करून, तीन दुपारी शिवलं. काय तो आवाज मशीनचा! आत्याबाई दाराशी गहू निवडत बसायच्या आणि म्हणायच्या, "लय जोरात चालवतेस. गल्लीत कळेल." कळू दे, मला वाटायचं. या आवाजावरून आठवलं, मामंजींचा कान फार तिखट होता. दुकानात ते पाठमोरे बसून कापड कापायचे, पण मागे कारागीर नुसताच पाय हलवतोय की खरंच टीप मारतोय, हे त्यांना आवाजावरून कळायचं. मशीनमध्ये कापड नसलं की म्हणे आवाज पोकळ येतो. ते मागे न वळता म्हणायचे, "कापड घाल त्यात." आमच्या ह्यांनीच मला हे हसत हसत सांगितलं होतं. तेही एकदा असेच सापडले होते.

खोळ घातली त्या दिवशी डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरून म्हणाल्या, "अगंबाई, हा तर नवाच कोच आला!" पुढून खाली मी बंद लावले होते, ते पायांना बांधले. पाठीमागे कापड फक्त वीतभर सोडलं होतं, भिंतीकडची बाजू कोण बघतंय? कोटाच्या कॉलरखाली आम्ही नाही का हलकं कापड लावत. एक सुरकुती नव्हती. मामंजींनी लांबूनच बघितलं आणि "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे दुसऱ्याची टाळी. घरी परतताना मी त्यांच्या मागून चार पावलांऐवजी तीनच पावलांवर चालत होते, असं मला आठवतं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. त्यांनी मलाही आवर्जून बोलावलं. मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून गेले. माझ्या पहिल्या दिवाळीला मामंजींनी स्वतः येवल्याहून आणलेलं, लाल काठाचं. मी जाजमावर बायकांच्या घोळक्यात बसले, हातात कैरीची डाळ आणि पन्हं, आणि नजर कोचावर.

कोचावर मानाच्या बायका बसत होत्या. पहिली बसली. खोळ पाठीवरून एक बोटभर खाली आली. ती उठली, तरी वर गेली नाही. दुसरी बसली, आणखी दोन बोटं. डॉक्टरीणबाई येता-जाता पाठीमागे हात घालून ओढून घेत होत्या, हसत होत्या, कुंकू लावत होत्या. मग आल्या पंचवटीतल्या उपाध्यायांच्या पत्नी. वयाने मोठ्या, अंगाने भरलेल्या, कडक सोवळ्याच्या. त्या कोचावर टेकल्या आणि आरामात मागे रेलल्या. खोळ पाठीवरून सरसर खाली उतरली आणि त्यांच्या मागे वांग्याच्या रंगाचं चामडं उघडं पडलं. त्यांनी सावरायला हात मागे टेकला, तो नेमका त्या चामड्यावर.

"शिव शिव शिव!" त्या उठल्या त्या थेट दाराशी. "आता मला घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यावं लागणार." त्यांच्या खणा-नारळाची ओटी तशीच तबकात राहिली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मी हातातलं पन्हं खाली ठेवलं. मला चामड्याचं काही नव्हतं, मला फक्त बुधवार दिसत होता. तो नांदगावचा माणूस आणि त्याची बैलगाडी.

सगळ्या गेल्या तरी मी जाजमावर तशीच होते. डॉक्टरीणबाई आल्या. मला वाटलं, आता बोलणार. मी आधीच म्हटलं, "बाई, मामंजींना सांगू नका. बुधवारपर्यंत तरी." आणि सगळं सांगून टाकलं, मशीन, पापडांचा डबा, नांदगाव. सांगता सांगता रडले. मला रडायची लाज वाटत नाही. तेव्हाही वाटली नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सांगणार नाही. पण मी चार दिवस झाले ही खोळ ओढत बसलेय गं. दर माणसामागे एकदा. हिचं काय चुकलंय ते मला कळत नाही. तूच बसून बघ."

"मी?"

"मग काय मी? मला शिवता येतं का? बस."

मी कडेला टेकले. "अशी नव्हे. नीट, मागे सरून." मी मागे सरले आणि माझ्याखालची जमीनच गेली. मी जन्मात पाट, घोंगडी आणि स्टूल यांवरच बसले होते. ही बैठक ढुंगणाखाली वीतभर आत गेली आणि माझ्या तोंडून माहेरची बोली सुटली, "हाई काय शे!" डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार झाल्या.

पण मला तिथेच, त्या खड्ड्यात बसल्या बसल्या, कळलं. कोच बसल्यावर बसतो! मी माप घेतलं होतं उभ्या कोचाचं. मामंजी कोटाचं माप घेताना गिऱ्हाइकाला हात वर करायला लावतात, पाटलोणीला खुर्चीवर बसवून गुडघ्यात बघतात. "उभ्याचं माप म्हणजे अर्धं माप," हे मी त्यांच्या तोंडून दाराआडून शंभरदा ऐकलं होतं. आणि आम्ही दोघं, सासरा आणि सून, त्या कोचासमोर हात जोडल्यासारखे उभे राहिलो आणि कुणी त्यावर टेकलंसुद्धा नाही. मी मर्यादा पाळली, त्यांनी नेम पाळला, आणि माप चुकलं.

उपाय सोपा होता. बैठक आत जाते तेव्हा तिला द्यायला कापड शिल्लक हवं. ते ठेवायचं कुठे? बैठक आणि पाठ यांच्या मधल्या खाचेत, एक वीत खोल, दुमडून. आणि ते वर येऊ नये म्हणून वरून काहीतरी दाबून बसवायचं. मी डॉक्टरीणबाईंकडून लाटणं मागून घेतलं आणि खाचेत दाबून बघितलं. दबलं. रात्री त्यांच्या स्वयंपाकिणीने पोळ्यांच्या वेळी ते घरभर शोधलं म्हणे.

सोपं नव्हतं ते कापड. दोसुती मी बोटाच्या मापाने कापलेली, एक पट्टी उरलेली नव्हती. आणखी आणायचं तर मामंजींना सांगावं लागणार. घरी आले, नेसलेलं लुगडं सोडून घडी घालायला घेतलं आणि हात थांबला. खाचेतलं कापड कुणाला दिसणार आहे? मी आत्याबाईंना सुद्धा विचारलं नाही. कात्री घेतली आणि त्या हिरव्या लुगड्याचे आडवे दोन तुकडे काढले, प्रत्येक दोन विती. चार विती म्हणजे एक वार. दोन पन्हे, म्हणजे लुगड्याच्या दोन रुंद्या, काठाला काठ जोडल्या की कोचाच्या लांबीला पुरत होत्या. कात्री चालताना माझे दात शिवशिवले. मग नऊवारीची आठवारी झाली, तिची कापलेली कड दुमडून शिवून घेतली. खोळ बैठकीशी उसवली, मध्ये हिरवी पट्टी जोडली, मागे अस्तराच्या चिंध्यांचे बंद लावले. जुनी वर्तमानपत्रं घट्ट गुंडाळली, धोतराच्या फडक्यात शिवून त्यांची लाटण्यासारखी दोन गुंडाळी केली. सोमवारी दुपारी जाऊन घालून आले आणि डॉक्टरीणबाईंना आठ वेळा बसवलं.

मंगळवारी मामंजी म्हणाले, "तिला सांग, चल. खोळ बघायचीय." बुधवारच्या आधी त्यांना स्वतः खात्री करून घ्यायची होती.

आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही तक्रार नाही हो," आणि पान आणायला आत गेल्या. मामंजी कोचाजवळ गेले. यावेळी ते लांबून बघून थांबले नाहीत. कोटाची पारख ते नेहमी उलटा करून करायचे. त्यांनी खाचेतलं गुंडाळं उपसलं, हात आत घातला आणि कापड बाहेर ओढलं. बदामी दोसुतीच्या मध्यातून हिरवं लुगडं बाहेर आलं, आणि बरोबर मधोमध, जिथे दोन पन्हे जोडले होते तिथे, लाल काठ.

ते लुगडं त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी टीप बघितली, नखाने ताणून बघितली, आणि काठ अंगठ्याखाली धरून उभे राहिले. मी भिंतीला चिकटून होते. आता म्हणतील, मी आणलेलं लुगडं कापलंस? मशीन गेलं, मी मनाशी धरून चालले होते.

त्यांनी पट्टी परत आत सारली, गुंडाळं दाबलं, वरून तळहात फिरवला. मग माझ्याकडे वळले. खोलीत "तिला सांग" म्हणायला आत्याबाई नव्हत्या.

"बस," ते म्हणाले.

मी बसले. "उठ." उठले. "परत बस. मागे रेल." पाटलोण घातलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगत होते, कपाळाला आठी घालून. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, खोळीकडे होती. खोळ हलली नाही. ते "हं" म्हणाले आणि पुलावर परत चार पावलं पुढे चालू लागले. मला वाटलं, ते कामाचं बसणं होतं. कामाचं बोलणं होतं. त्याचा अर्थ काही लावायचा नाही.

बुधवारी सकाळी नांदगावचा शिंपी आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून तो दारात येऊन राम राम म्हणाला. मामंजी माजघरात चहा घेत होते. मी चुलीपाशी उभी, आत्याबाई मशीनवरची पासोडी काढत होत्या. डबा त्यांनी हातात धरला होता.

"घेऊन जाऊ ना मशीन?" नांदगावचा म्हणाला.

"मशीन रिकामं नाय," मामंजी म्हणाले. "त्याच्यावर कारागीर हाय."

नांदगावच्याने इकडे तिकडे बघितलं. मशीनवर कुणी नव्हतं. मामंजींनी बशी खाली ठेवली, मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "बस."

मी गेले. स्टूल ओढलं आणि त्यांच्या देखत, परक्या माणसाच्या देखत, त्यावर बसले. पाय पायट्यावर ठेवले आणि मशीन चालू केलं. काय शिवत होते ते मला आजही सांगता येणार नाही, कारण काहीच शिवत नव्हते. मशीनमध्ये कापड घातलेलंच नव्हतं. मी नुसतीच चालवत होते, डोळ्यांत पाणी, खाली मान, जोरजोरात. मामंजींच्या कानाला ते पहिल्या फेऱ्यालाच कळलं असणार. पण "कापड घाल त्यात" असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी बशीत उरलेला चहा ओतला आणि सावकाश पीत बसले.